दिपणं आणि दिसणं

१ मेच्या ग्रामसभेला आमच्या गावात खुर्च्या पुरत नाहीत, कारण चाकरमानी आंब्याला आलेले असतात आणि वर्षभर साठवलेली मतं त्यांना दोन तासांत मांडायची असतात. यंदा विषय एकच तापला. बंदरावर एक आणि पुळणीच्या, म्हणजे कासवं अंडी घालतात त्या वाळूच्या किनाऱ्याच्या, तोंडाशी एक असे दोन हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचे प्रखर दिवे, बसवायचे का, आणि त्यांच्याच खांबांवर सीसीटीव्ही लावायचे का? एक बाजू म्हणाली, जग कुठे गेलं आणि आपण अजून काळोखात चाचपडतोय. दुसऱ्या बाजूने मोबाइलवर कासवांच्या पिल्लांचे व्हिडिओ फिरवले. मग पहिल्या बाजूने विचारलं की तुम्हाला माणसं महत्त्वाची की कासवं, आणि तिथून पुढे जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. वॅट, निधी, विकास, पर्यटन, निसर्ग हे सगळे शब्द त्या दीड तासात येऊन गेले. डोळा हा शब्द एकदाही आला नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हायमास्ट नको, आणि काळोखही नको. जो दिवा चार वाड्यांपलीकडून दिसतो तो बहुधा वाईट दिवा असतो. चांगल्या दिव्याची वाट दिसते, दिवा दिसत नाही. मराठीत 'दिपणं' आणि 'दिसणं' एका अक्षराच्या अंतरावर आहेत. आपण गेली काही वर्षं पहिल्यासाठी पैसे मोजतो आणि दुसरं मिळालं असं समजून घरी जातो.

रात्री डोळा करतो काय, ते आधी पाहू. सकाळी उन्हात ओट्यावर वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यात काळ्या अक्षरांवरून जेवढा उजेड जातो, तो रात्री माजघरात ट्यूबखाली धरलेल्या पांढऱ्या कागदावरून येणाऱ्या उजेडाच्या कितीतरी पट असतो. तरी उन्हातलं अक्षर काळंच दिसतं आणि ट्यूबखालचा कागद पांढराच. म्हणजे डोळा उजेड मोजतच नाही. तो शेजारच्याशी तुलना करतो. किती आहे यापेक्षा बाजूच्यापेक्षा किती पट आहे, हे बघतो. आणि ही तुलना त्याला अफाट पल्ल्यात करावी लागते. लक्स या उजेडाच्या मापात सांगायचं तर भर दुपारच्या उन्हात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, पौर्णिमेच्या चांदण्यात जेमतेम पाव लक्स, आणि अवसेला नुसत्या ताऱ्यांचा उजेड लक्सच्या हजाराव्या भागाएवढा. वरच्या आणि खालच्या टोकात दहा कोटी पटींचं अंतर आहे. शाळेत आपण शिकलो की अंधारात बाहुली मोठी होते. होते, पण दोन मिलिमीटरची फार तर आठ होते, म्हणजे सोळापट जास्त उजेड आत येतो. दहा कोटींपुढे सोळा म्हणजे काय?

उरलेलं सगळं काम दृष्टिपटलावर होतं, आणि ते सावकाश होतं. तिथे दिवसाचं आणि रंगांचं काम बघणारे सुमारे साठ लाख शंकू आहेत आणि रात्रपाळीच्या सुमारे बारा कोटी शलाका; दोन्ही उजेड टिपणाऱ्या पेशी. काळोखात शिरल्यावर शंकू आठ-दहा मिनिटांत जुळवून घेतात, पण तेवढ्यात ते दमतात. शलाकांमधलं ऱ्होडॉप्सिन हे उजेड टिपणारं रंगद्रव्य उजेडाने विरलेलं असतं, ते पुन्हा तयार व्हायला अर्धा तास तरी लागतो. ते बनतं 'अ' जीवनसत्त्वापासून, म्हणून ते जीवनसत्त्व कमी पडलं की पहिल्यांदा रातांधळेपणा येतो. एकदा शलाका तयार झाल्या की त्यांची ताकद थक्क करणारी आहे. १९४२ साली सेलिग हेक्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगाने दाखवलं की पूर्ण सरावलेल्या डोळ्यातल्या एका शलाकेला जागं करायला प्रकाशाचा एक कण पुरतो. मात्र दृष्टिपटलाच्या अगदी मधल्या ठिपक्यात, जिथे आपण रोखून बघतो तिथे, शलाका नाहीतच. आमच्या आजोबांनी लहानपणी अरुंधती दाखवताना सांगितलं होतं की आधी वसिष्ठ पकड आणि मग जरा बाजूला नजर ठेव, थेट बघितलीस तर पळेल. त्यांना शलाका माहीत नव्हत्या, पण रात्री कसं बघायचं ते माहीत होतं.

आता या अर्ध्या तासाच्या मेहनतीवर हायमास्ट काय करतो? बंदरावरून पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, वर चढणारा माणूस मान उचलतो, दिवा नजरेत येतो आणि शलाकांची सगळी कमाई काही सेकंदांत जाते. दिव्याखालून चार पावलं पुढे गेल्यावर जो काळोख लागतो तो आधीपेक्षा गडद असतो; काळोख तेवढाच आहे, डोळा मात्र रिकामा झालाय. शहरात हे जाणवत नाही, कारण तिथे एका दिव्याचा उजेड संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू होतो. कोकणातलं गाव असं नसतं. वाडी, मग आगर, मग वहाळ, मग चढ, मग दुसरी वाडी. हायमास्टचं लखलखीत बेट आणि त्याच्या कडेनेच सुरू होणारा मिट्ट काळोख ही आपली खरी अडचण आहे, आणि अपघात त्या कडेवर होतात. मागच्या पावसाळ्यात मी स्वतः एका प्रखर दिव्याकडे तोंड करून जांभ्याच्या पायऱ्या उतरताना शेवटची पायरी चुकलो. घोटा दीड महिना सुजलेला होता. पायरी अंधारात नव्हती. तिच्यावर माझीच सावली पडली होती आणि डोळे दिपले होते.

मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना कशेडीच्या बोगद्यात भर उन्हातून शिरल्यावर क्षणभर पुढचं काही दिसत नाही, हा अनुभव सगळ्यांना आहे. बोगद्यांची प्रकाशयोजना करणारे अभियंते हे इतकं गंभीरपणे घेतात की तोंडाशी दिवे भर दुपारी सर्वांत प्रखर ठेवायचे आणि रात्री मंद करायचे, असा त्यांचा नियम आहे. ऐकायला उलटं वाटतं. पण त्यांनी रस्ता किती उजळला हे न विचारता येणारा डोळा कुठून येतोय हे विचारलं. बोगद्याला जे सुचतं ते बंदराला का सुचू नये?

आता समोरच्या बाजूचं. त्यांचे सगळे मुद्दे फालतू नाहीत, काही तर फार जड आहेत. काळोखाचं कौतुक करणारे बहुतेक जण पुण्यामुंबईहून दोन रात्रींसाठी येतात, आकाशगंगा बघतात आणि परत झगमगाटात जातात. काळोखात राहणाऱ्याला काळोख म्हणजे फुरसं, मण्यार आणि विंचू. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावरच्या उपचारात आयुष्य घातलं ते याच पट्ट्यातली माणसं दगावताना बघून. पहाटे लिलावाला निघणारी कोळीण, शेवटच्या एसटीने उतरणारी मुलगी, रात्री होडी लावून येणारा खलाशी, यांना उजेड हवा हे म्हणण्यात चूक काय? ज्यांच्या घरी वीज आमच्या आधी दोन पिढ्या आली त्यांनी आम्हाला अंधाराचं सौंदर्य शिकवू नये, हा राग मला समजतो. तो माझाही आहे. पुरावाही आहे: न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सरकारी वसाहतींत चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने काही ठिकाणं निवडून प्रखर दिवे लावले, तेव्हा तिथले रात्रीचे, घराबाहेरचे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटल्याचं संशोधकांना आढळलं. हा अभ्यास काटेकोर होता आणि तो नाकारायची माझी हिंमत नाही.

पण न्यूयॉर्कमधली वसाहत म्हणजे इमारतींमधलं एक अंगण. माणूस उजेडातच निघतो, उजेडातच पोचतो, दिपलेल्या डोळ्याने काळोखात शिरायची पाळी त्याच्यावर येत नाही. शिवाय याच विषयावर २०१५ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधल्या ६२ स्थानिक संस्थांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे पैसे वाचवायला कुठे दिवे मध्यरात्री बंद केले होते, कुठे मंद केले होते. त्यामुळे गुन्हे किंवा अपघात वाढल्याचा पुरावा सापडला नाही. दोन्ही अभ्यास खरे असू शकतात. उजेड कुठे आहे, कोणासाठी आहे, आणि त्याच्या पलीकडे काय आहे, यावर सगळं ठरतं. फुरशाचंच घ्या. ते पाचोळ्यात, मातीच्या रंगात, वीतभर जागेत वेटोळं करून बसलेलं असतं. शंभर पावलांवरचा, बारा मीटर उंचीचा दिवा ते दाखवतो? माडांच्या झावळ्यांमधून झिरपलेला तो उजेड जमिनीवर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची रांगोळी काढतो, आणि फुरशाला लपायला याहून चांगली जागा नाही. फुरसं दिसतं हातातल्या बॅटरीने, किंवा पायरीच्या उंचीवर लावलेल्या, खाली तोंड केलेल्या छोट्या दिव्याने.

एक मुद्दा मात्र सभेत कोणीच काढला नाही, तो मीच त्यांच्या बाजूने काढतो. कोकणातली गावं म्हाताऱ्यांची झाली आहेत, आणि साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या जेमतेम एकतृतीयांश उजेड पोचतो. म्हणजे म्हाताऱ्यांना जास्त उजेड हवा. अगदी बरोबर. पण तेच पिवळट, धूसर झालेलं भिंग प्रखर दिव्याचा उजेड डोळ्यात सगळीकडे विखरून टाकतं, म्हणून दिपण्याचा त्रासही त्यांनाच सर्वांत जास्त. मोतीबिंदू पिकायला लागलेल्या कुठल्याही काकूंना समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांबद्दल विचारा. त्यांना पायाशी जास्त उजेड हवा आणि डोळ्यात अजिबात नको. हायमास्ट याच्या बरोबर उलटं देतो.

सभेतला सगळ्यात ठाम आवाज कॅमेऱ्याच्या नावाने आला. डोळा सवयीने बघेल, पण कॅमेऱ्याचं काय, त्याला तर उजेड लागणारच! इथे मात्र वाद घालणारे तीस-पस्तीस वर्षं मागे आहेत. कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा साधा सेन्सर म्हणजे पावसात मांडून ठेवलेल्या बादल्या. प्रत्येक बादली प्रकाश गोळा करते, भरली की ओसंडते, आणि ओसंडलेली जागा फोटोत पांढरीफटक येते. बादली रिकामी राहिली तर काळीकुट्ट. डोळ्याचं तुलनेचं कसब तिच्यात नाही. हे ओळखून अमेरिकेत कॅल्टेक या तंत्रसंस्थेत मिशा माहोवाल्ड आणि कार्व्हर मीड यांनी दृष्टिपटलाच्या पेशींची जोडणी सिलिकॉनवर उतरवली आणि १९९१ मध्ये त्या 'सिलिकॉन दृष्टिपटला'बद्दल लिहिलं. त्यातला प्रत्येक ठिपका शेजाऱ्यांच्या सरासरीशी स्वतःला ताडून पाहायचा. त्याच वाटेने पुढे झुरिकमध्ये एक कॅमेरा तयार झाला, २००८ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. तो पूर्ण चित्र काढतच नाही. ज्या ठिपक्यावर उजेड काही पटीने बदलला तेवढाच ठिपका बोलतो, बाकीचे गप्प. अशा कॅमेऱ्याला एकाच दृश्यात दहा लाख पटींचा फरक पेलतो, साध्या सेन्सरला काही हजार पटींचा. आणि २०२५ मध्ये चीनमधल्या फुझोऊ विद्यापीठातल्या संशोधकांनी क्वांटम डॉट नावाचे अतिसूक्ष्म कण वापरून असा सेन्सर केला की तो विद्युतभार स्पंजासारखा धरून ठेवतो आणि गरजेप्रमाणे सोडतो. लख्ख उजेड असो की काळोख, त्याला जुळवून घ्यायला सुमारे ४० सेकंद लागतात. डोळ्याला मिनिटं लागतात, त्यापेक्षा हे लवकर.

यातला एकही कॅमेरा आमच्या ग्रामपंचायतीला परवडणार नाही, हे मला कळतं. मुद्दा दुसरा आहे. यंत्रांना बघायला शिकवणाऱ्यांपुढे हाच प्रश्न आला तेव्हा त्यांनी जग आणखी उजळा असं म्हटलं नाही. पाहणाऱ्याला जुळवून घ्यायला शिकवलं, आणि ते शिक्षण आपल्या डोळ्याकडून घेतलं. आणि ज्याच्याकडून यंत्रं शिकली त्यालाच आपण फ्लडलाइटखाली आंधळं करायला निघालो आहोत. परवडणाऱ्या कॅमेऱ्यांपुरतं बोलायचं तर बाजारातल्या साध्या सीसीटीव्हीतही आज अवरक्त दिवे असतात, माणसाला तो उजेड जवळपास दिसत नाही आणि कॅमेऱ्याला दिसतो. त्यात रंग जातात, शर्ट लाल होता की हिरवा हे कळत नाही, ही उणीव मान्य. पण चित्राच्या चौकटीत हायमास्ट आला तर काय होतं? कॅमेरा त्या दिव्याला जुळवून घेतो, आत येणारा उजेड कमी करतो, आणि दिव्याकडे पाठ करून उभा असलेला माणूस नुसती काळी आकृती होतो. शर्टही नाही आणि चेहराही नाही.

फोटोंवरून आठवलं. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शेजारच्या गावचे दोन फोटो फिरत होते, 'आधी' आणि 'नंतर'. आधीच्यात सगळं काळं, नंतरच्यात बंदर सोन्यासारखं. बऱ्याच जणांचं मत तिथेच ठरलं. पण फोन रात्री बघतो कसा, हे कोणी विचारलं नाही. जुन्या फोनला जे काळं दिसलं ते अर्धा तास काळोखात बसलेल्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, काळं दिसत नव्हतं. आणि नवा फोन नाइट मोडमध्ये एकामागून एक चित्रं काढून ती एकत्र करतो, प्रखर भाग दाबतो, सावल्या उचलतो, म्हणजे डोळ्याचीच नक्कल करतो, पण निवांत, हात स्थिर धरून. पायरी उतरणाऱ्या माणसाला ती सवलत नसते. त्या दोन फोटोंनी दोन फोनांची तुलना केली, दोन रात्रींची नाही.

आता माझ्याच बाजूच्या लोकांशी थोडं भांडतो. कासवांचा मुद्दा खरा आहे. पिल्लं सर्वांत उजळ क्षितिजाकडे धावतात. निसर्गतः ते क्षितिज समुद्राचं असतं, मागे दिवा असला तर ती उलटी फिरतात. पण समोरच्यांनी विचारलेला प्रश्नही खरा होता: रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून अंडी कुंपणात आणून ठेवतात, पिल्लं माणसांच्या देखत पाण्यात सोडतात, मग दिव्याने बिघडतं काय? याला उत्तर आहे. अंडी घालायला येणारी मादी उजळलेल्या पुळणीवर चढायला कचरते, आणि प्रत्येक घरटं माणसाला सापडतंच असं नाही. ते उत्तर देण्याऐवजी आमच्याकडून आणखी एक व्हिडिओ दाखवला गेला. सगळा भार कासवावर टाकला की वाद आपोआप 'कासव की माणूस' असा होतो, आणि त्यात माणूसच जिंकणार, जिंकायलाच हवा. शिवाय कासवं वर्षातून काही महिने येतात. आषाढात, पुळणीवर एकही कासव नसताना, तो दिवा वाईट का आहे ते सांगता यायला हवं.

आणि मच्छीमार मंडळींना तर मी अगदी त्यांच्याच भाषेत विचारीन. एलईडीच्या झोतात मासे गोळा करून उपसणाऱ्या बोटींविरुद्ध याच किनाऱ्याने आवाज उठवला, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने अशा मासेमारीवर बंदी घातली. उजेड पाण्यात काय करतो हे तुमच्याइतकं कोणाला कळतं? रात्री बंदराकडे परतताना तांडेल केबिनमधला दिवा का मालवतो? मग किनाऱ्यावरचा झोत थेट त्याच्या तोंडावर आला तर खाडीच्या तोंडाचे खडक त्याला दिसणार कसे?

उंच खांबावरून सगळ्या गावाला न्हाऊ घालायची कल्पना नवी नाही, हेही नोंदवायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकी शहरांनी कृत्रिम चंद्र म्हणून प्रचंड मनोरे उभारले. एकट्या डेट्रॉइटमध्ये ते शंभराहून अधिक होते. झाडांच्या आणि छपरांच्या सावल्या, धुक्यात हरवणारा उजेड, यांनी लोक कंटाळले आणि मनोरे उतरवले गेले. टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरात थोडे उरले आहेत, ते वारसा म्हणून. धुकं आणि झाडं यांत डेट्रॉइट कोकणाची काय बरोबरी करणार? याच्या साठ-सत्तर वर्षं आधी फ्रान्समध्ये फ्रेनेल या भौतिकशास्त्रज्ञाने दीपगृहांचा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला होता. तोवर अधिक लांब दिसायला हवं तर अधिक वाती, अधिक तेल, असा हिशेब होता. त्याने आकाशात, जमिनीवर वाया जाणारा उजेड भिंगांच्या कड्यांनी वळवून समुद्राकडे लावला. १८२३ मध्ये कोर्दुआनच्या दीपगृहात ते भिंग बसलं. रत्नागिरीचं दीपगृह १८६७ चं. दीपगृह सबंध समुद्र उजळत नाही, ठरलेल्या वेळी मिचकावतं, आणि तांडेलाला तेवढं पुरतं.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. दोन हायमास्टच्या पैशात पाखाडीच्या वळणांवर, लिलावाच्या कट्ट्यावर आणि एसटीच्या थांब्यावर बुटके, झाकणाचे, खाली तोंड केलेले दिवे बसवा. रंग पिवळसर, ३००० केल्विन किंवा त्याहून कमी. शलाकांना निळसर उजेड जास्त दिसतो म्हणून पांढरा एलईडी बरा, असं एक इंजिनियर चाकरमानी म्हणाले. ते अर्धं खरं आहे: जो उजेड त्यांना टिपायला सोपा, त्यानेच त्या लवकर विरतात, आणि पिकल्या डोळ्यात निळा उजेड जास्त विखुरतो. लिलावाच्या वेळी दिवे पूर्ण, मध्यरात्रीनंतर मंद. पुळणीकडे तोंड करून एकही नाही.

ठराव पुढे ढकलला गेला. मी सुचवलं की १५ ऑगस्टच्या सभेआधी अवसेच्या एका रात्री सगळ्यांनी बंदरावर यावं, दिवे, फोन, सिगारेट बंद ठेवून अर्धा तास बसावं, आणि मग पाखाडी चढून बघावी. एकदा तशीच, आणि एकदा भाड्याने आणलेला फ्लडलाइट लावून. सरपंचांनी विचारलं, "अर्धा तास नुसतं बसायचं? दहा मिनिटांत नाही का भागणार?"

दहा मिनिटांत शंकूंचं भागतं, म्हटलं. शलाकांना अर्धा तास द्यावाच लागेल.